‘तो फक्त गाडी चालवत होता’: पोरांच्या टोळ्या आणि कायदा

रात्री साडेअकराला दाराची कडी वाजली. आमच्या इंदूरच्या रामबागेत एवढ्या उशिरा कोणी दार वाजवलं तर दोनच कारणं असतात, दवाखाना नाही तर थाना. दारात मागच्या गल्लीतल्या वहिनी उभ्या होत्या. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. "ताई, त्याला थान्यात बसवलंय. तो फक्त गाडी चालवत होता हो. चाकू त्यानं नाही मारला."

इंदूरच्या कोर्टांत वकिली करताना हे वाक्य मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलंय. तो फक्त सोबत गेला होता. त्यानं फक्त फोन करून बोलावलं. या बायका खोटं बोलत नसतात. पण त्या ‘फक्त’ला कायद्यात कुठे जागा आहे आणि कुठे नाही, हे त्यांना कोणी कधी सांगितलेलं नसतं. म्हणून आज सविस्तर लिहितेय. मुलगा कोण, ठाणं कुठलं, हे सांगणार नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. बाल न्याय कायद्याच्या 74व्या कलमाप्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो जाहीर करणं हाच गुन्हा आहे: 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घडलं ते असं. इन्स्टाग्रामवर एकानं स्टोरी टाकली, दुसऱ्यानं तिच्यावर शिवी लिहिली. दोन दिवसांनी संध्याकाळी तिघं एका ॲक्टिव्हावरून निघाले. चालवत होता वहिनींचा मुलगा, वय 17 वर्षं 8 महिने. मागे 19 वर्षांचा एक. सगळ्यांत मागे 24 वर्षांचा, ज्याला बाकीचे ‘भिया’, म्हणजे भैया, म्हणतात. चौकात तो शिवी लिहिणारा भेटला. बाचाबाची झाली, 19 वर्षांच्यानं सीट उचलून डिकीतला चाकू काढला आणि त्याच्या पोटात मारला. सुदैवानं तो वाचला.

आता ही टोळी म्हणायची का? वर्तमानपत्रं म्हणतील, हो. पुण्यात 2022-23 पासून ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ झाला, तीही काही एक टोळी नव्हे. हातात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या वेगवेगळ्या पोरांना मिळून पडलेलं ते नाव. आमच्याकडे शब्द आहेत चाकूबाजी आणि अडीबाजी. अडीबाजी म्हणजे रस्त्यात आडवं यायचं, "दारू पिण्यासाठी पैसे दे" म्हणून अडून बसायचं, नाही दिले तर मारायचं. मराठीत आपण खंडणी म्हणू, पण खंडणी म्हटलं की मोठा गुंड आणि मोठा बिल्डर डोळ्यांपुढे येतात. अडीबाजीत समोर चहाच्या टपरीवाला असतो आणि मागणी 500 रुपयांची असते. त्यामुळे पुष्कळदा ती कोणी पोलिसांत सांगतच नाही.

पोरं यात कशी शिरतात ते मी जवळून पाहिलंय. भियाकडे बाईक असते, तो पेट्रोल भरून देतो, रात्री खायला घालतो, वाढदिवसाला तलवारीनं केक कापायला लावून त्याची रील काढतो. घरात बाप दिवसभर बाहेर, शाळा दहावीला सुटलेली, आणि इथे कोणीतरी नावानं हाक मारतंय. बदल्यात आधी फक्त निरोप पोहोचवायचा. मग एक पुडी. मग एक वस्तू दोन दिवस घरात ठेवायची. याच शहरात अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्यांपुढे, म्हणजे सजवलेल्या चित्ररथांपुढे, आखाडे चालतात. तिथेही 16-17 वर्षांची पोरं लाठी-पट्टा फिरवतात, तिथेही उस्ताद असतो, गट असतो, ईर्षा असते. एका गल्लीतून निघून एक आखाड्यात जातो आणि दुसरा भियाच्या गाडीवर. संध्याकाळी सात वाजता त्याला कोणी बोलावलं, एवढाच फरक मी पुष्कळदा पाहिलाय.

कायद्याकडे वळू. ‘युवकांची टोळी’ अशी वेगळी व्याख्या आपल्या फौजदारी कायद्यात नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या 111व्या कलमात संघटित गुन्हेगारी आहे आणि 112व्या कलमात छोटी संघटित गुन्हेगारी. टोळीनं केलेली चोरी, हिसकावणं, जुगार-सट्टा, परीक्षेचे पेपर विकणं असली कामं 112मध्ये येतात. शिक्षा किमान 1 वर्ष, कमाल 7. 111 फार जड आहे: किमान 5 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, आणि त्यात कोणाचा जीव गेला तर फाशी किंवा जन्मठेप. पण ते लावायला नुसतं तिघं एकत्र होते एवढं पुरत नाही. गुन्हा 3 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा हवा, आणि मागच्या 10 वर्षांत तसल्या गुन्ह्यांची एकाहून जास्त दोषारोपपत्रं कोर्टात दाखल झालेली हवीत. इंदूरच्या भाषेत, एकापेक्षा जास्त चालान. महाराष्ट्रात 1999 पासूनचा मोक्का आहे, त्याच्याच वळणाचं हे कलम. पहिल्यांदाच भांडणात सापडलेल्या पोरांवर ते बसत नाही, आणि बसवलं जात असेल तर वकिलानं पहिली तक्रार तिथेच करायची असते.

चाकूबाजीच्या रोजच्या केसेस चालतात त्या दुसऱ्याच दोन कलमांवर. 3(5), म्हणजे जुन्या दंड संहितेतलं 34. समान इराद्यानं अनेकांनी मिळून कृत्य केलं, तर प्रत्येकानं ते एकट्यानं केल्यासारखंच धरायचं. आणि 190, म्हणजे जुनं 149. पाच किंवा जास्त जणांचा बेकायदा जमाव असेल आणि जमावाच्या उद्देशासाठी एकानं गुन्हा केला, तर त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण त्यात दोषी.

पहिल्या तत्त्वाची गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. 1923 साली कलकत्त्यातल्या शंकरीतोला पोस्ट ऑफिसात काही जण शिरले, पैसे मागितले आणि पोस्टमास्तरला गोळी घातली. पकडला गेलेला बरेंद्रकुमार घोष म्हणाला, मी बाहेर अंगणात उभा होतो, मी घाबरलो होतो, गोळी माझी नव्हे. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत, गेलं. कौन्सिलनं सांगितलं की गुन्ह्यात जो नुसता उभा राहून वाट पाहतो तोही कामच करत असतो. आजही कोर्टात हा निवाडा वाचला जातो, आणि अंगणातल्या बरेंद्रच्या जागी ॲक्टिव्हावरचा पोरगा येतो.

म्हणजे वहिनींच्या मुलाला वाट नाही? आहे. सोबत असणं वेगळं आणि इरादा एक असणं वेगळं. पुढे चाकू निघणार हे त्याला माहीत होतं का? चाकू डिकीत कोणी ठेवला? मार बसल्यावर त्यानं गाडी पळवली की तो गाडी टाकून निघून गेला? इरादा डोळ्यांनी दिसत नाही, तो अशाच बारीकसारीक गोष्टींतून काढावा लागतो. फोनमधले मेसेज इथे मुलाच्या विरुद्ध जातात तसे बाजूनेही जातात. घाबरून फोनमधलं सगळं पुसून टाकणारे आईबाप मी पाहिलेत. असं कृपा करून करू नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि कित्येकदा मुलगा "मी नाही येत" म्हणालेला मेसेजही त्याच फोनमध्ये असतो.

आता वयाकडे येऊ. एकच प्रसंग, एकच चाकू, तीन पोरं; पण कायद्यानं वाटा वेगळ्या. 24 आणि 19 वर्षांच्यांना नेहमीचं कोर्ट. 17 वर्षांच्याला बाल न्याय मंडळ, आमच्याकडे बोलतात ते किशोर न्याय बोर्ड. त्याची चौकशी मोठ्यांच्या खटल्यासोबत चालवताच येत नाही. वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं. उद्या तो 18 पूर्ण झाला तरी फरक पडत नाही. पुरावा म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा दहावीची गुणपत्रिका, ती नसेल तर पालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी.

ठाण्यात बोलायचे मुद्दे त्या रात्री मी वहिनींना चालता चालता सांगितले. 18 खालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, मुलाला त्याच्याकडे द्यायचं असतं, आणि त्यानं गणवेशात नसावं असा नियम आहे. 24 तासांच्या आत मुलाला मंडळापुढे उभं करायलाच हवं. ठाण्यात टी.आय. साहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, चिडलेले होते, पण ऐकून घेतलं. बाकावर बसलेल्या मुलाच्या पायांत मोजे होते, बूट नव्हते. जप्त झाले होते.

मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्यांत एक तरी स्त्री. मंडळ भरतं त्या खोलीत उंच मंच नाही, पिंजरा नाही. लोकांना वाटतं ही सूट आहे. "अठरा खालचा असला की सुटतो" हे मी रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. तो सुटत नाही. मंडळ त्याला 3 वर्षांपर्यंत विशेष गृहात पाठवू शकतं, समाजसेवेला लावू शकतं, आईबापांना दंड करू शकतं, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरच्या, देखरेखीखाली ठेवू शकतं. जामीन हा तिथे नियम आहे, पण बाल न्याय कायद्याच्या 12व्या कलमात अपवाद लिहिलेत, आणि त्यातला एक टोळ्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा: सुटल्यावर मुलगा ओळखीच्या गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याची शक्यता असेल तर जामीन नाकारता येतो. म्हणजे घरासमोरच्या चौकात भिया बसलेला असेल, तर मुलगा संप्रेक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, राहू शकतो. त्यामुळे मंडळापुढे "आमचा मुलगा चांगला आहे" एवढं सांगून भागत नाही. तो कुठे राहील, कोणासोबत, सकाळपासून रात्रीपर्यंत काय करेल, हे सांगावं लागतं. वहिनींनी देवासच्या मामाला उभं केलं. मामाची मोटार वाइंडिंगची कार्यशाळा आहे, मुलगा तिथे काम शिकेल, असं त्यानं लिहून दिलं.

2012च्या दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर देशभर संताप होता, त्यातून 2015चा बाल न्याय कायदा आला आणि 15 जानेवारी 2016 पासून लागू झाला. 16 ते 18 वयाच्या मुलानं ‘जघन्य’ गुन्हा केला असेल, तर मंडळ 3 महिन्यांच्या आत प्राथमिक मूल्यांकन करतं: शरीरानं-मनानं तो हे करण्याइतका समर्थ होता का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मंडळातच मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं आहे. मूल्यांकनानंतर खटला बाल न्यायालयात मोठ्यासारखा चालू शकतो. तरीही फाशी नाही, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही.

जघन्य म्हणजे ज्याची किमान शिक्षा 7 वर्षं आहे तो गुन्हा. खुनाला किमान जन्मठेप, म्हणून खून जघन्य. पण खुनाच्या प्रयत्नाला कायद्यानं किमान शिक्षा ठेवलेली नाही. जखम झाली तर जन्मठेपेपर्यंत देता येते, पण किमान काही नाही. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की जिथे किमान 7 वर्षं लिहिलेली नाहीत तो गुन्हा जघन्य धरता येणार नाही. म्हणजे समोरचा पोरगा वाचला म्हणून वहिनींच्या मुलाची केस मंडळातच राहिली. तो दवाखान्यात दगावला असता, तर हाच मुलगा मूल्यांकनाला बसला असता. ज्या रात्री हे मी वहिनींना समजावलं, त्या रात्रीपासून त्या जखमी मुलासाठी गणपतीपुढे दिवा लावू लागल्या.

या सगळ्यात 19 वर्षांच्याचा विचार कोणी करत नाही. गुणपत्रिकेवरच्या तारखेनं तो मोठा ठरला. त्याच्यासाठी 1958चा परिवीक्षा कायदा आहे. 21 खालच्या मुलाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कोर्टानं शक्यतो तुरुंगात पाठवू नये आणि पाठवलंच तर कारणं लिहावीत, असं त्यातलं 6वं कलम सांगतं. छोट्या मारामाऱ्यांत ते कामी येतं. इथे आलं नाही.

आणि 24 वर्षांचा भिया? त्यानं चाकूला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी वाटलं, हाच सगळ्यांत हलका सुटणार. मुलगा माझ्यापाशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलला तो चौथ्या भेटीत. "काकू, चाकू त्याचाच. तो म्हणायचा, तुझ्या डिकीत ठेव, तुझं वय कमी आहे, तुला काही होत नाही." मी विचारलं, याआधी कितीदा? त्यानं बोटं मोजली. सहा.

टोळ्यांवर कायद्याचा खरा घाव बसायला हवा तो इथे, असं माझं ठाम मत आहे. आणि त्यासाठी कलमं आहेत. न्याय संहितेचं 95: गुन्हा करायला मुलाला कामाला लावणाऱ्याला 3 ते 10 वर्षं, आणि तो गुन्हा घडला तर त्याचीही शिक्षा, जणू त्यानं स्वतः केला. बाल न्याय कायद्याचं 83(2): मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाख दंड. मुलाच्या हातून नशेचा माल विकवला तर 78 वेगळं. माझ्या हातून गेलेल्या चालानांत ही कलमं मी अगदी क्वचित पाहिलीत. पोलिसांना चाकू मारणारा हात लगेच सापडतो. डिकीपर्यंत जायला मुलाशी चार वेळा बसून बोलावं लागतं, आणि तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर तशाच वीस फाइली असतात. आम्ही लेखी अर्ज दिला. काही झालं नाही. दुसरा दिला, मुलानं सांगितलेल्या सहाही वेळांच्या तारखा आणि ठिकाणांसह.

गुन्ह्याआधीचा कायदाही आहे. इंदुरात सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द ‘बाउंड ओव्हर’: वर्तणूक चांगली ठेवीन असा मुचलका. सराईतांकडून तो 3 वर्षांपर्यंतचा घेता येतो, आणि मोडला तर उरलेली मुदत तुरुंगात जाऊ शकते. त्यापुढे जिलाबदर, महाराष्ट्रात ज्याला तडीपार म्हणतात. तिकडे 2 वर्षांपर्यंत. इथे 1990च्या मध्य प्रदेश राज्य सुरक्षा कायद्याखाली 1 वर्षापर्यंत, इंदूरसह उज्जैन, देवास, धार, खरगोन अशा लागून असलेल्या जिल्ह्यांतून. डिसेंबर 2021 मध्ये इंदुरात आयुक्तालय झालं आणि कलेक्टरकडचे हे अधिकार पोलिसांकडे आले. कागद लवकर निघतात, पण आरोप करणारं आणि निर्णय देणारं खातं एकच झालं, याची मला काळजी वाटते. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये तडीपारीला असाधारण उपाय म्हटलंय, सहजासहजी वापरायचा नव्हे. 20 वर्षांच्या पोराला जिलाबदर केलं की तो लांबच्या एखाद्या गावात कामधंद्याशिवाय राहतो, आणि त्याला तिथे जवळ करणारा पुष्कळदा दुसरा भियाच असतो.

गुंडा यादीचंही, म्हणजे पोलीस ज्यांच्यावर नजर ठेवतात त्यांच्या यादीचंही, सांगायला हवं. 1871च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण माळव्यातल्या कंजर-पारध्यांच्या वस्त्यांकडे बघणारी नजर बदलायला अजून वेळ लागतोय. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांच्या हिस्ट्रीशीटबद्दल, म्हणजे अशाच नोंदींबद्दल, निर्णय देताना अल्पवयीन मुलांचे तपशील त्यात कायद्याबाहेर जाऊन येता कामा नयेत आणि मागास समाजांतल्या लोकांना नुसत्या पूर्वग्रहानं त्यात ओढू नये, असं बजावलं.

आणि एक प्रश्न, जो वहिनींनी दुसऱ्याच दिवशी दबक्या आवाजात विचारला: "ताई, आमचं घर पाडतील का?" नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024च्या निकालानं स्पष्ट झालंय की कोणी आरोपी आहे म्हणून घर पाडता येत नाही, बांधकाम बेकायदा असलं तरी 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते. तसाच तो जुलूस. पकडलेल्या पोरांना कान धरायला लावून बाजारातून फिरवतात, लोक टाळ्या वाजवतात, मोबाइल वर होतात. ही शिक्षा देण्याचा अधिकार कुठल्याच कलमानं पोलिसांना दिलेला नाही. फिरवलेल्यांत एखादा 17 वर्षांचा असेल तर व्हिडिओ पुढे पाठवणारे आपणही 74व्या कलमात येतो. ज्याला फिरवलं त्याचा व्हिडिओ महिन्याभरात टोळीच्याच पानावर गाणं लावून आलेला मी पाहिलाय.

दुसऱ्या अर्जानंतर पाच आठवड्यांनी चालान सादर झालं. मी कोर्टाच्या पायरीवरच पान उलटून पाहिलं. भियाच्या नावापुढे 95 होतं, 83(2)ही होतं. मुलगा आता देवासला मामाकडे तांब्याची तार गुंडाळायला शिकतोय, महिन्यातून एकदा परिवीक्षा अधिकाऱ्याकडे हजेरी लावतो. मागच्या तारखेला आला तेव्हा बोटांना वार्निशचा वास होता. त्यानं विचारलं, "काकू, त्याच्या केसमध्ये मला बोलावतील?" बोलावतील, मी म्हटलं. तुला साक्षीला उभं राहावं लागेल, आणि तो समोर असेल. तो बराच वेळ नखांतलं वार्निश काढत बसला. मग म्हणाला, "सहा नव्हे, सात. एक मी तेव्हा सांगितलं नव्हतं."

तिसरा अर्ज मी त्याच दुपारी लिहायला घेतला.